नेपरव्हिल सोडून ह्यूस्टनला जावं का? जाणकारांनी जरा डोकं लावा

कोरडी_भेळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

आम्ही अकरा वर्षं शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. नवऱ्याला ह्यूस्टनच्या एका ऑइल कंपनीची ऑफर आलीये, ऑफिस एनर्जी कॉरिडॉरमधे, पगार साधारण १२ टक्के जास्त. माझं काम तिथून रिमोट चालेल असं मॅनेजर म्हणालाय, पण तोंडी. मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत. ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत, म्हणजे अजून एच वन बी. सासू सासरे दर वर्षी पाच सहा महिने येतात. तीन आठवड्यांत हो की नाही ते कळवायचंय.

आज २८ एप्रिल. सकाळी मुलाला बसस्टॉपवर सोडायला गेले तर अंगावर बर्फाचा भुगा पडत होता, घरी येऊन नवऱ्याला म्हणलं की बस झालं, हो म्हणून टाक. दुपारी ऊन पडलं, शेजारणीच्या अंगणातले ट्युलिप दिसले आणि परत मन बदललं. तर हे असं चाललंय. स्टेट टॅक्स नाही म्हणजे हातात खरे किती उरतात, पुराचं कितपत मनावर घ्यायचं, शाळा कशा, आणि उन्हाळ्यात माणसं करतात काय, हे कुणीतरी घरच्यासारखं सांगा. रिलोकेशनच्या व्हिडिओंमधे सगळे हसतच असतात.

केटीकर

स्वागत आहे. आम्ही २०१५ला न्यू जर्सीहून ह्यूस्टनच्या केटी या उपनगरात आलो, तर माझा अनुभव.

आधी टॅक्सचं. इलिनॉयमधे ४.९५ टक्के सरसकट जातात. तुमचं दोघांचं मिळून २ लाख धरलं तर वर्षाचे साडेनऊ हजाराच्या आसपास वाचले. इथपर्यंत सगळे खूश असतात. मग घर बघायला जाता. केटीत नवीन वसाहत घेतली तर प्रॉपर्टी टॅक्समधे एक मड टॅक्स दिसेल. मड म्हणजे चिखल नव्हे, म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. बिल्डरने रस्ते, गटारं, पाण्याच्या लाइनी टाकल्या त्याचं कर्ज तुम्ही वर्षानुवर्षं फेडायचं. आम्ही बघितलेल्या नव्या घरांना सगळं मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास पडत होतं, काही ठिकाणी तीनलाही टेकत होतं. जुन्या वसाहतीत हे कर्ज फिटत आलेलं असतं म्हणून रेट कमी, पण मग किचन जुनं आणि बायको नाराज (गंमत हो, दिवे घ्या).

त्यात घराचा इन्शुरन्स. आमचा वर्षाला ४,८०० डॉलर आहे आणि त्यात पूर धरलेला नाही, त्याची पॉलिसी वेगळी. वादळाचं डिडक्टिबल घराच्या किमतीच्या टक्क्यात असतं, म्हणजे छप्पर उडालं तर पहिले सात आठ हजार आपलेच. शिवाय टोल, तो महिन्याला किती गेला हे मी बघणं सोडून दिलंय.

सगळा हिशोब केला तर घर जर इथे दीड लाखाने स्वस्त मिळालं तरच फायदा. तेवढ्याच किमतीचं मोठं घर घेतलं (आणि सगळे तेच करतात, आम्हीही केलं) तर स्टेट टॅक्सचे पैसे फिरून सरकारलाच जातात, फक्त खिडकी वेगळी.

एक काम मात्र लक्षात ठेवा, घर घेतलंत तर होमस्टेड एक्झेम्प्शनचा अर्ज लगेच भरा, त्याने घराची टॅक्सपुरती किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. आणि दर वर्षी १५ मेच्या आत त्या किमतीविरुद्ध प्रोटेस्ट करायचा. आमच्या गल्लीत एप्रिल एंडला सगळी देशी मंडळी एकमेकांच्या घराच्या किमती काढून बसलेली असतात, एरवी कुणी सांगणार नाही पण त्या पंधरा दिवसांत माझं घर कसं भिकार आहे हे सांगायची चढाओढ लागते. मी एकदा फाउंडेशनच्या भेगांचे फोटो घेऊन गेलो होतो, १८ हजार कमी करून आणले.

रूट५९

केटीकर, +१. नेपरव्हिलवाल्यांनाही प्रॉपर्टी टॅक्स काही कमी नाहीये हो, आमचा दोन टक्क्यांच्या वर जातो आणि स्टेट टॅक्स वेगळा, म्हणजे दोन्ही खिशांना कात्री.

पण एक गोष्ट कुणी मोजत नाही. मी रोज मेट्रा लोकलने शिकागोच्या युनियन स्टेशनला जातो, एक्सप्रेस मिळाली तर पाऊण तासाच्या आत, जाता येता डबा खातो, झोपतो, हा फोरम वाचतो. ह्यूस्टनला तोच वेळ स्टिअरिंगवर. आय टेनचा केटी फ्रीवे सर्व्हिस रोड धरून काही ठिकाणी २६ लेनचा आहे म्हणतात आणि तरी संध्याकाळी तुंबतोच.

नागपुरी_संत्रं

राजेहो, उन्हाळ्याचं मी सांगतो. मी नागपूरचा, ४५ डिग्रीत क्रिकेट खेळलेला माणूस. ह्यूस्टनला येताना सगळ्यांना छाती ठोकून सांगितलं होतं की मले काय उन्हाळा शिकवता बे.

पहिल्या जूनमधे संध्याकाळी सात वाजता चालायला गेलो. ३४ डिग्री. नागपूरच्या हिशोबाने ते काहीच नाही. दहा मिनिटांत चश्म्यावर वाफ, टी शर्ट पिळून घ्यावा असा, आणि घाम वाळतच नाही हो, अंगावर तसाच बसून राहतो. आपल्याकडे खसच्या ताट्या लावलेला कूलर सुरू केला की जीवात जीव येते, इथे कूलर लावला तर भिंतीला शेवाळ येईन. ही नागपूरची गर्मी नाहीच, ही मुंबईची ऑक्टोबर हीट आहे आणि ती मे ते सप्टेंबर चालते. घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात, ऑफिसात एसी इतका की स्वेटर ठेवा लागते. ऑगस्टचं विजेचं बिल आमचं ३४० डॉलर आलं होतं. डास तर सोडूनच द्या.

पण नोव्हेंबर ते मार्च लाजवाब. बाहेर खाट टाकून पडावं असं वाटते. तुमच्याकडे तेव्हा डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार.

कोरडी_भेळ

नागपुरी_संत्रं, स्वेटर वाचून हसले. केटीकर, हिशोबाबद्दल खूप आभार, नवऱ्याला वाचून दाखवला तर तो म्हणाला तुझ्या फोरमवाल्यांना एक्सेल शीट बनवायला सांग.

पुराचं कुणी सांगेल का? आम्हाला जी वसाहत आवडलीये ती बार्कर रिझर्व्हॉयरच्या पश्चिमेला आहे, एजंट म्हणते काही काळजी करू नका, तिथे "झोन एक्स" आहे.

ह्यूस्टनची_मावशी

अगं थांब. बार्करचं नाव वाचून लिहायला बसले.

ॲडिक्स आणि बार्कर या दोन धरणांत एरवी पाणी नसतंच, कोरडं रान असतं, हरणं फिरतात, लोक सायकली चालवतात, त्यामुळे नवीन माणसाला ते धरण आहे हेच कळत नाही. मोठ्या पावसात पाणी तिथे अडवायचं आणि मग हळूहळू बफेलो बायू नावाच्या ओढ्यात सोडायचं अशी ती योजना, १९४० च्या दशकातली. आता गंमत अशी की धरणाच्या पोटात जिथवर पाणी चढू शकतं तिथवर नंतर घरं झाली. २०१७च्या ऑगस्टात हार्वी चक्रीवादळ आलं, चार पाच दिवसांत काही भागांत ४० इंचांवर पाऊस. मुंबईच्या २६ जुलैला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता ना, इथे साधारण तेवढाच किंवा जास्त, पण चार दिवस न थांबता. धरणाच्या वरच्या बाजूला पाणी फुगत फुगत मागे घरांत शिरलं, आणि भिंतीवर ताण येऊ नये म्हणून दारं उघडली तर खालच्या बाजूची घरं बुडाली, पाऊस थांबून ऊन पडलं तरी तिथे आठवडाभर पाणी होतं.

आमच्या घरात नाही आलं. आमच्यापासून चौथ्या गल्लीत आलं. तिथे माझी मैत्रीण राहायची, पूर ओसरल्यावर आम्ही सगळे ग्लोव्ह्ज मास्क घालून तिच्याकडे गेलो. जमिनीपासून चार फुटांपर्यंत ड्रायवॉल कापून काढावा लागतो नाहीतर आत बुरशी धरते. दोन दिवस नुसतं कापत होतो. फुटपाथवर गाद्या, फ्रीज, मुलाचा पियानो, लग्नाचे अल्बम यांचा ढीग, गल्लीत प्रत्येक घरापुढे असाच ढीग. आणि मागच्या अंगणात तिने कुंपणावर पैठण्या वाळत घातल्या होत्या, सहा सात असतील, एकीचा रंग दुसरीला लागलेला. ती रडली नाही, फक्त मला म्हणाली ही आजीची आहे, हिला उन्हात नको ठेवू. त्यांचंही घर झोन एक्समधेच होतं बरं का. फ्लड इन्शुरन्स नव्हता, कारण बँकेने मागितला नव्हता.

म्हणून सांगते. झोन एक्स म्हणजे पूर येत नाही असं नाही, बँक सक्ती करत नाही एवढंच. २०१९ पासून टेक्सासमधे विकणाऱ्याला लिहून द्यावं लागतं की घरात कधी पाणी आलं होतं का आणि घर रिझर्व्हॉयरच्या फ्लड पूलमधे, म्हणजे त्या धरणाच्या पोटात, आहे का. तो कागद एजंटकडून ऑफर देण्याआधी मागून घे. आणि पुराची पॉलिसी कुठेही राहिलीस तरी घे, वादळाचं नाव टीव्हीवर ऐकून घ्यायला जाशील तर ३० दिवसांची वेटिंग असते. सरकारी पॉलिसीत घराला जास्तीत जास्त अडीच लाख आणि सामानाला एक लाख मिळतात, हेही माहित असू दे.

ह्यूस्टनची_मावशी

मघाशी विजेचं राहिलं. पूर दहा वर्षांतून एकदा, वीज दर वर्षी. २०२१च्या फेब्रुवारीत गारठ्याने टेक्सासची ग्रिड बसली, ती बाकी देशाशी जवळपास जोडलेलीच नाही त्यामुळे शेजारून वीज आणायची सोय नाही. नळ फुटले, आम्ही स्विमिंग पूलचं पाणी बादलीने आणून फ्लश करत होतो. मग २०२४ला मेमधे वाऱ्याचं वादळ आणि ८ जुलैला बेरिल चक्रीवादळ, कॅटेगरी एकचंच, आम्ही तर खिडक्यांना काही लावलंही नव्हतं. २० लाखांवर घरांची वीज गेली. आमची सहा दिवस. वीज कंपनीचा नकाशा बंद, तर लोकांनी शोधून काढलं की वॉटाबर्गरच्या ॲपमधे कुठलं दुकान उघडं ते दिसतं, म्हणजे तिथे वीज आहे. बर्गर न खाणारी माणसं ते ॲप घेऊन बसली होती. ३५ डिग्रीत यजमान रात्री गाडीत एसी लावून झोपले, मी झोपाळ्यावर ओला टॉवेल घेऊन. फ्रीजरमधलं सगळं गेलं, आईने पाठवलेल्या सांज्याच्या पोळ्या पण.

आता जनरेटर घेतलाय. आणि हे सगळं सांगूनही आम्ही इथून हलणार नाही हो, का ते विचारू नकोस, डिसेंबरात अंगणात बसून चहा पिते तेव्हा मला आठवत नाही.

बिनसाखरेचा_चहा

पैठण्यांचं वाचून पोटात कालवलं.

जुना_पाहुणा

मी शिकागोत १९७८च्या सप्टेंबरात आलो. पाचच महिन्यांत जानेवारी ७९चं हिमवादळ. आठवडेच्या आठवडे रस्ते साफ होत नव्हते, गाड्या बर्फाखाली गाडलेल्या, आणि त्या रागाने लोकांनी फेब्रुवारीच्या निवडणुकीत महापौर बिलँडिक यांना घरी बसवलं, जेन बर्न आल्या. मी कराडच्या बाजूचा, निवडणुका पाहिलेला माणूस, पण रस्ता झाडला नाही म्हणून महापौर पडतो हे पाहून मला या शहराविषयी आदर वाटला. तेव्हापासून कुठलाही महापौर असो, पहिला बर्फ पडायच्या आत मिठाच्या गाड्या रस्त्यावर असतात.

हाच फरक मला सांगायचा आहे. इथली अडचण तारीख सांगून येते. थँक्सगिव्हिंगच्या आत स्नोटायर, फावडं, मीठ, सम्प पंपाची बॅटरी, एवढं केलं की बसा. २०१९च्या जानेवारीत उणे ३१ सेल्सिअस झालं होतं, दोन दिवस शाळा बंद, मेट्राच्या रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून शेजारी ज्वाळा पेटवल्या होत्या, पण माझ्या घरात हीटर चालू होता आणि सौभाग्यवती भजी तळत होत्या. अर्थात शहाणपणा करणाऱ्याला इथेही शिक्षा आहेच, २०११च्या फेब्रुवारीत वादळात मी लेक शोर ड्राइव्हने घरी जायचं धाडस केलं आणि शेकडो गाड्यांबरोबर रात्र गाडीत काढली.

माझा शाळूसोबती ह्यूस्टनजवळ शुगर लँडला असतो. दर जानेवारीत त्याचा फोन येतो, किती आहे रे तुझ्याकडे? ऑगस्टात मी करतो. चाळीस वर्षं हेच चालू आहे, दोघेही हलत नाही.

निवृत्तांसाठी एक: इलिनॉय पेन्शन आणि ४०१केच्या पैशांवर कर लावत नाही. तरुणांना पिळतात आणि म्हाताऱ्यांना सोडतात. तुम्ही तरुण आहात, तेव्हा तुम्हाला याचा उपयोग नाही.

सिटीवाला

मी जरा वाकडं बोलतो. धाग्यात शिकागो आणि ह्यूस्टनची तुलना चाललेलीच नाहीये, नेपरव्हिल आणि केटीची चाललीये, आणि ते दोन्ही एकच गाव आहे, एकात बर्फ पडतो एवढंच. तेच कॉस्टको, तेच कुमॉन, तीच टेस्ला.

शिकागोत राहायचं तर शहरात राहा. मी ब्राउन लाइन ट्रेनच्या स्टॉपपासून सहा मिनिटांवर राहतो, गाडी २०२०ला विकून टाकली. लेकच्या काठाने १८ मैलांची ट्रेल आहे, उन्हाळ्यात ऑफिस सुटल्यावर सायकल काढली की एका बाजूला समुद्रासारखं पाणी आणि दुसऱ्या बाजूला टॉवर, मिलेनियम पार्कात फुकट कॉन्सर्ट, हे केटीत कुठून आणणार? ह्यूस्टन शहर शिकागोच्या जवळपास पावणेतीनपट पसरलंय आणि माणसं कमी, झोनिंगचा कायदा नाही, घराशेजारी गॅरेज आणि गॅरेजशेजारी चर्च. चालत जाऊन कोथिंबीर आणता येत नसेल तर ते शहर कसलं.

केटीकर

सिटीवाला, मुलं किती तुम्हाला?

सिटीवाला

एक मांजर.

केटीकर

बरं.

सिटीवाला

हसा. पण डिब्ज बघायला एकदा या. बर्फ पडल्यावर माणूस दोन तास खपून रस्त्यावरची पार्किंगची जागा मोकळी करतो आणि गाडी काढताना तिथे घरातली मोडकी खुर्ची ठेवून जातो, की ही जागा माझी. कायद्यात बसत नाही, पण खुर्ची हलवायची कुणाची टाप नाही. एका म्हाताऱ्याने इस्त्रीचं टेबल आणि त्यावर मदर मेरीची मूर्ती ठेवली होती. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही.

कोरडी_भेळ

रुमाल. :-) खरंय.

मुलीचं कुणी सांगा. ती इथे शाळेत बऱ्यापैकी आहे, पण पहिल्या दहात वगैरे नाही. टेक्सासमधे कॉलेजचं काहीतरी टक्क्यांचं असतं म्हणे.

तिसरी_घंटा

हो, आणि हे नीट समजून घ्या कारण इथल्या देशी पालकांची अर्धी झोप यातच जाते. टेक्सासमधे १९९७चा कायदा आहे, हायस्कूलमधे वरच्या १० टक्क्यांत असाल तर सरकारी विद्यापीठात आपोआप प्रवेश. मात्र यूटी ऑस्टिनला एवढी गर्दी की तिथे ती रेषा ६ टक्क्यांवर आणली होती आणि २०२६च्या फॉलपासून ५ टक्के. शिवाय प्रवेश विद्यापीठात आपोआप, कंप्युटर सायन्सला नव्हे.

आता केटी किंवा शुगर लँडच्या शाळा चांगल्या, म्हणजे तिथे तुमच्या मुलीसारखीच ४०० मुलं. आमच्या मुलाचा ४.६ जीपीए होता आणि तो वरच्या ११ टक्क्यांत होता, आणि हो, तो कुठला सब्जेक्ट घेतला की रँक वाढते याचं राजकारण नववीपासून चालतं, हेल्थचा क्लास उन्हाळ्यात उरकायचा कारण त्याला जीपीएचं वजन कमी. लोक रँकसाठी कमी चढाओढीच्या शाळेच्या हद्दीत घर घेतात. आमचा शेवटी टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेला, मजेत आहे, आम्हीच उगाच तीन वर्षं रक्त आटवलं.

इलिनॉयमधे असं काही नाही, पण यूआययूसी या तिथल्या सरकारी विद्यापीठात कंप्युटर सायन्स मिळणं म्हणजे तिथेही लॉटरीच आणि इन स्टेट फी टेक्सासपेक्षा जास्त. मुलगी सातवीत आहे म्हणजे आत्ता हलवलीत तर चालेल, दहावीत हलवू नका, रँकचं गणित बिघडतं.

दुसरी_बाजू

मुलगी आहे म्हणून एक. टेक्सासमधे २०२२ पासून गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी आहे, इलिनॉयमधे तसं नाही. आम्ही दुसऱ्या बाळाच्या वेळी या एका कारणाने डॅलसची ऑफर सोडली. ज्याचं त्याने ठरवावं, पण यादीत असावं.

बंडू_बिनधास्त

आला आला, राजकारण आलं. आता बंदुकांवर पण बोला.

व्यवस्थापक

दुसरी_बाजू यांचा प्रतिसाद धाग्याला धरून आहे, राहू दे. त्यावरून भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा. बंदुकीवरचे पाच प्रतिसाद उडवले आहेत.

डबल_शिफ्ट

सगळे हवेचं बोलतायत, नोकरीचं कुणी बोलत नाही. भाऊ एच वनवर आहे आणि ऑइल कंपनीत चाललाय. मी २०१४ला ह्यूस्टनला ऑइलमधेच लागलो, तेव्हा तेल १०० डॉलरच्या वर, ऑफिसात फुकट नाश्ता, पार्किंगमधे नुसती नवी पिकअप. दोन वर्षांत भाव ३०च्या खाली. शुक्रवारी एचआरची मीटिंग आली की लोक डेस्कवरचे फोटो आधीच बॅगेत टाकायचे. मी तिसऱ्या फेरीत गेलो. एच वनला ६० दिवस मिळतात दुसरी नोकरी शोधायला, आणि ह्यूस्टनमधे त्या वेळी सगळ्याच कंपन्या माणसं काढत होत्या, ज्यांच्याकडे अर्ज करायचा तेच रस्त्यावर. बायकोने तेव्हा सोन्याच्या बांगड्या काढून मोजल्या होत्या, विकल्या नाहीत, मोजल्या. ५२व्या दिवशी ऑफर आली आणि ती शिकागोची, एका बँकेची.

२०२०च्या एप्रिलमधे तर तेलाचा भाव एक दिवस शून्याच्या खाली गेला. शिकागोत बँका, इन्शुरन्स, औषधं, एक्सचेंज, कन्सल्टिंग, सगळं थोडं थोडं आहे, एक बसलं तर दुसरं असतं. ह्यूस्टनला मेडिकल सेंटर आहे, नासा आहे, पोर्ट आहे, मान्य, पण आयटीवाल्याला तेलाचीच गाठ पडते. तुझा रिमोट जॉब लेखी करून घे ताई. तोंडी म्हणजे काही नाही.

सांडगी_मिरची

डबल_शिफ्टला अनुमोदन, लेखी घेच.

मी दोन्हीकडे राहिलेय, सात वर्षं शिकागोजवळ शाँबर्ग आणि आता पाच वर्षं ह्यूस्टनजवळ पेअरलँड, तर घरातलं सांगते. शिकागोच्या घराला बेसमेंट असतं. त्याची किंमत तिथे असताना कळत नाही. मुलांची सायकल, टेबल टेनिस, गणपतीचं मखर, भारतातून आलेल्या बॅगा, सासूबाईंचा योगा, सगळं खाली. ह्यूस्टनच्या मातीत ते होत नाही, चिकणमाती फुगते आणि आक्रसते, उलट उन्हाळ्यात फाउंडेशनला पाणी घालावं लागतं, घराभोवती सोकर होज लावून. नवरा संध्याकाळी नळी धरून उभा असतो तेव्हा आईला वाटलं जावई बागकाम करतोय. मग सामान ॲटिकमधे टाकायचं. पहिल्या वर्षी दिवाळीच्या मेणाच्या पणत्या ॲटिकमधे ठेवल्या, ऑक्टोबरात डबा उघडला तर सगळ्यांचा मिळून एक लाडू.

आई बाबांचं म्हणशील तर ह्यूस्टनला ते ऑक्टोबरात येतात आणि मार्चमधे जातात, रोज सकाळी चालायला, कुंपणापलीकडच्या गुजराती काकांशी गप्पा, पेअरलँडचं मीनाक्षी मंदिर जवळ. शिकागोला उन्हाळ्यात यायचे आणि आंबे सोडून यावं लागतं म्हणून बाबा कुरकुरायचे. थेट विमान मात्र ह्यूस्टनहून नाही, दुबई दोहा इस्तंबूल असं फिरत जायचं. शिकागोहून दिल्लीचं तरी होतं.

मराठी म्हणशील तर शिकागोचं वजन वेगळंच, बृहन्महाराष्ट्र मंडळच मुळात १९८१ला तिथे जन्मलं, तिथे तिसरी पिढी नाटकात काम करते. ह्यूस्टनचं मंडळ लहान पण सगळे एकमेकांना ओळखतात, गणपतीला स्वयंपाकाला नाव दिलं नाही तर फोन येतो. खाण्यात मी ह्यूस्टनला जास्त मार्क देईन. शिकागोच्या देशी बाजाराला, डेव्हनला, जुनी मजा आहे, पण इथे हिलक्रॉफ्टला समोसा खाऊन दहा मिनिटांवर व्हिएतनामी फो आणि परतीच्या वाटेवर ताको, हे तिकडे नाही.

जुना_पाहुणा

डेव्हनवर एक शब्दही वावगा चालणार नाही. १९७४ला पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान तिथे उघडलं, आम्ही दर शनिवारी भेंडीसाठी दीड तास गाडी चालवत जायचो. ताको कसले सांगता.

सांडगी_मिरची

काका, दिवे घ्या!

कोरडी_भेळ

मंडळी, अपडेट देते. गेल्या शुक्रवारी आम्ही दोघं ह्यूस्टनला जाऊन आलो, मुलं मैत्रिणीकडे ठेवून.

विमानतळाचं दार उघडलं आणि कुणीतरी तोंडावर गरम ओला पंचा टाकावा तसं झालं. नवरा म्हणाला, दादरला उतरल्यासारखं वाटतंय. तो माणूस खूश! तो मुंबईचा आहे हे मी अकरा वर्षांत विसरलेच होते, इथे दर नोव्हेंबरपासून तो गप्प गप्प होतो, त्याला मी स्वभाव समजत होते.

मावशींनी सांगितलेला कागद एजंटकडे मागितला. आधी म्हणाली नंतर बघू, मग दिला, आणि त्या बार्करजवळच्या घरावर फ्लड पूलपुढे "होय" अशी खूण होती. ते घर सोडलं. मावशी, तुमचे पाय कुठे आहेत ते सांगा. दुसऱ्या वसाहतीत गेलो तिथे एका घरापुढे एक मराठी आजी नळी धरून उभ्या होत्या, मी थेट विचारलं, फाउंडेशन का? तर हो म्हणाल्या आणि आत बोलावून पन्हं दिलं. अंगणात कढीपत्त्याचं झाड होतं, झाड हो, छपरापर्यंत! माझा इथला नऊ वर्षांचा कढीपत्ता कुंडीत आहे, दर ऑक्टोबरात तो आणि कुंडी घरात ओढून आणायची, जिवंत राहावा म्हणून वर दिवा लावायचा, तरी मार्चपर्यंत चार पानं उरतात आणि आम्ही फोडणीला बोटं मोजून टाकतो. आजी म्हणाल्या त्यांचाही २०२१च्या गारठ्यात जळाला होता, मुळापासून परत फुटला.

तर आम्ही हो कळवलंय. पण घर विकत नाही घेणार, पहिलं वर्षं भाड्याने, एक जून ते जून काढून बघू. नेपरव्हिलचं घर विकत नाही आहोत, भाड्याने देतोय. माझं रिमोटचं ईमेलवर आलं काल, डबल_शिफ्ट, तुमच्यामुळे मागे लागले. मुलगी दोन दिवस बोलत नव्हती, आता खोलीत बसून पूल असलेलं अपार्टमेंट शोधतेय.

एक शेवटचं विचारते. कढीपत्ता मूव्हर्स नेत नाहीत म्हणे, आम्ही गाडीने जाणार आहोत तर मागच्या सीटवर ठेवला तर चालेल ना?

नागपुरी_संत्रं

नका नेऊ ताई. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, आणि संत्र्या लिंबांच्या झाडांचा तो ग्रीनिंगचा रोग पसरू नये म्हणून टेक्सासमधे बाहेरून अशी झाडं आणायवर बंधनं आहेत. संत्र्याच्या गावचा माणूस सांगून रायला, ऐका. इथे आल्यावर माझ्याकडून रोप घेऊन जा, दोन आहेत.

कोरडी_भेळ

अरेच्चा. मग याचं काय करू? नऊ वर्षं झाली हो.

रूट५९

मी नेपरव्हिललाच आहे, स्टेशनपासून दोन मैल. शनिवारी सकाळी येऊ का घ्यायला? कुंडी जड असेल तर मुलाला घेऊन येतो. आणि दिवा पण द्या, तो कुठला लावता तुम्ही?